खिडकीकाकांनी न केलेली सही

खिडकीकाकांना शिव्या घालायला लोक रांग लावत.

रांग तशी पाण्याच्या तक्रारीसाठी असे. पण नळ कोरडा पडलेला माणूस दोन तास उभा राहिला की त्याची तक्रार मागे पडते आणि संताप तेवढा उरतो. खिडकीशी पोचल्यावर त्याला पहिला दिसे तो काकांचा चेहरा. गोल. गाल इतके भरलेले की चष्मा त्यांच्यावरच टेकलेला असे. नाकाला काही कामच नव्हतं.

मी साहित्याची पदवी घेतली होती. त्या पदवीला शोभेल असं काम कुठे मिळेना. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जुन्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवायला सहा महिन्यांसाठी माणूस हवा होता. मला काकांच्या शेजारची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय आखूड होता. काकांनी पहिल्याच दिवशी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि विचारलं, काय शिकलीस. मी सांगितलं. तेव्हापासून ते मला साहित्यिक म्हणू लागले. मी आजवर एकही ओळ छापून आणलेली नाही हे सांगूनही काही फरक पडला नाही.

पहिल्या आठवड्यात मी जे ऐकलं त्याने माझे कान लाल झाले. एकाने काकांना दगड म्हटलं. एका छत्रीवाल्या बाईंनी, तुमच्यापेक्षा ही खिडकी बरी, ती निदान उघडते तरी, असं सुनावलं. एक तरुण म्हणाला, आमच्या वाट्याचं पाणी जातं कुठे ते आज कळलं, या दोन टाक्यांत साठवता काय. आणि बोटाने गाल दाखवले. रांग हसली. काकाही हसले. दोन्ही गालांवर टिचक्या मारून म्हणाले, वाजवून बघा, रिकाम्या आहेत. मग पेन उचलून पत्ता विचारला.

स्वतःवरचा विनोद त्यांना चाले. समोरच्यावरचा चालत नसे. सगळ्या शिव्या संपल्या की ते एकच वाक्य म्हणत, "नोंद घेतली आहे." ते सरकारी वाक्य होतं आणि त्याने लोक आणखी चिडत.

साडेचारला खिडकी बंद होई. तेव्हा काका नोंदवहीवर दोन्ही कोपरं टेकवून डोळे मिटत. आधी मला वाटलं, डुलकी घेतात. चौथ्या दिवशी मी पेन्सिल उचलायला वाकले तेव्हा ऐकू आलं. काका हळू आवाजात बोलत होते. "प्रभू, तो टाक्या म्हणणारा. त्याला पाणी दे. दुसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हा दाब बघून दे. ती छत्रीवाली बाई. तिचे गुडघेही दुखतात, खिडकीला धरून उभी होती. आणि तो दगड म्हणाला तो. त्याचं नाव वाचता आलं नाही मला. तुला ठाऊक असेलच."

मी टेबलाखालीच थांबले. वर यायला लाज वाटली.

नंतर विचारलं, रोज करता का हे. म्हणाले, रोज. ज्याने आपल्याला शिव्या घातल्या त्याचं भलं मागायचं, असं प्रभूने सांगून ठेवलंय. आता सांगितलंच आहे तर टाळता येत नाही. मी विचारलं, मग राग येत नाही का तुम्हाला.

"येतो की. म्हणून तर डोळे मिटतो. उघडे ठेवले तर समोरचा पेपरवेट दिसतो."

काका रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. त्यांचा आवाज मोठा होता आणि सुराशी त्याचं पटत नसे. पाळकांनी फार प्रेमाने त्यांना मागे बसायची विनंती केली होती. काका ते कौतुकाने सांगत. म्हणत, मागून सगळे दिसतात, आणि झोपलेले कोण ते फक्त मला आणि पाळकांना कळतं.

मला वाटलं होतं, हा माणूस जन्मालाच असा आला असेल. मऊ. शिपाईमामांनी तो भ्रम काढला. मामा काकांच्याच वर्षी कामाला लागले होते. म्हणाले, अगं, जिभेला हाड नसतं म्हणतात, याच्या जिभेला पातं होतं. वरच्या मजल्यावरची माणसं खाली ऐकायला येत. नियम असा की तक्रार बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहायची, वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. काका शिवीसुद्धा लिहून घेत. मग रांगेसमोर गोड आवाजात वाचून दाखवत आणि शेवटी आपलं उत्तर जोडत. एकदा कडेवर मूल घेतलेली एक बाई अशीच काहीबाही बोलली. काकांनी वाचून दाखवलं आणि वर असं काही म्हणाले की रांग पोट धरून हसली. बाई सही न करताच निघून गेली. सही नाही म्हणजे तक्रार नाही.

त्या संध्याकाळी काकांनी घरी सगळा प्रसंग हावभावांसकट करून दाखवला. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याही हसल्या. मग विचारलं, "पाणी आलं का तिच्याकडे?"

काकांनी दुसऱ्या दिवसापासून त्या बाईला शोधलं. पत्ता लिहिलेलाच नव्हता. ती परत कधी आली नाही. त्या दिवसापासून काका तक्रार लिहितात, शिवी लिहीत नाहीत.

काकूंना मी पाहिलं नाही. मी यायच्या चार वर्षं आधी त्या वारल्या.

आता प्रॉम्प्टर.

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उंच, काटकुळे, कोटाची सगळी बटणं लावलेली. नाटक कंपनीत चाळीस वर्षं पडद्याआड उभं राहून त्यांनी विसराळू नटांना ओळी पुरवल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली. निवृत्त झाल्यावर स्वतःची वाक्यं बोलू लागले, तीही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशा आवाजात. ते तिसऱ्या मजल्यावर राहत. पत्नी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत येई आणि तिथून परत फिरे. प्रॉम्प्टर तळमजल्यावरून अर्ध्या अर्ध्या बादल्या वर नेत. दर दोन दिवसांनी ते खिडकीशी येत आणि काकांना सोलून काढत. फिटर तीनदा जाऊन आला होता आणि तीनदा खालूनच परतला होता, कारण पहिल्याच वेळी प्रॉम्प्टरांनी त्याला जिन्यात उभं करून त्याच्या पान्याविषयी आणि पिताजींविषयी काही निरीक्षणं ऐकवली होती.

खरं सांगते, मी प्रॉम्प्टरांची वाट बघायचे. त्या खिडकीशी येणाऱ्यांत वाक्य पूर्ण करणारा तो एकच माणूस होता.

त्या मंगळवारी ते आले तेव्हा कोटाची बाही ओली होती. जिना चढताना बादली हिंदकळली असणार. काकांनी ऐकून घेतलं आणि सवयीने म्हणाले, नोंद घेतली आहे. प्रॉम्प्टरांनी दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवले.

"तुमच्या प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं, ही तुमची सोयच झाली. गालांखेरीज तुमच्याजवळ पुढे करण्यासारखं आहे काय?"

रांग हसली. काकांच्याही ओठांचा कोपरा हलला. मग प्रॉम्प्टर पुढे म्हणाले, घरात बायको तहानेने तळमळत असली तरी तिलाही तुम्ही नोंद घेतली आहे, एवढंच म्हणाल.

काकांनी पेन खाली ठेवलं. उठले. मला म्हणाले, जरा बघ, मी तोंड धुऊन येतो.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. पुढे वही उघडी होती. नियम मला ठाऊक होता, बोलणाऱ्याच्याच शब्दांत. काका शिव्या लिहीत नाहीत हेही ठाऊक होतं. पण ते वाक्य हवेत विरून जाईल याचं मला वाईट वाटलं. मी दोन्ही वाक्यं लिहून काढली. काकांचा अपमान कुठेतरी नोंदला जावा असंही मनात होतं. ते कारण मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पहिलं कारण कुणाला सांगितलं नाही.

प्रॉम्प्टर खिडकीतून आत वाकून वाचत होते. म्हणाले, "तडफडत नाही, ताई. तळमळत. तडफडतो मासा." मी दुरुस्त करणार तोच त्यांनी माझं पेन मागितलं आणि स्वतः केलं. मग 'असली' या शब्दापुढे स्वल्पविराम दिला. मी म्हटलं, तिथे नको, दम तुटतो. ते म्हणाले, तोडायचाच आहे. आम्ही दोघं त्या वाक्यावर वाकलो होतो. ते कुणाविषयी आहे हे दोघंही विसरलो होतो.

मग त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. चांगलं वाचलं. कॉलेजात वाचनाची बक्षिसं मिळाली होती मला. प्रॉम्प्टरांचे ओठ जुन्या सवयीने माझ्याबरोबर हलत होते. शेवटच्या ओळीला मान वर केली तर दारात काका उभे होते. तोंड ओलं. माझं वाचून होईपर्यंत ते थांबले.

प्रॉम्प्टरांनी झोकदार सही केली. काका खुर्चीत बसले आणि विचारलं, "पाणी किती दिवस नाही?"

"एकोणीस."

काकांनी त्या वाक्याखाली एकोणीस दिवस असं लिहिलं.

त्या दिवशी साडेचारला काकांचे डोळे नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले होते. मी मुद्दाम कान दिला नाही. तरी एक ओळ आलीच. "आणि आमची साहित्यिक. तिने वाक्य बघितलं, प्रभू, माणूस बघायचा राहिला. तिचंही भलं कर."

शिव्या देणाऱ्यांच्या यादीत मी होते.

शनिवारी मॅडम नोंदवह्या तपासत. मॅडम म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुख. त्या पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. खिडकीमागे एक छापील सूचना वर्षानुवर्षं लटकत होती. कर्मचाऱ्यास अपमानास्पद बोलणाऱ्याची तक्रार रद्द होईल आणि एक वर्ष त्याची कोणतीही तक्रार घेतली जाणार नाही. ती लागल्यापासून कुणी सापडला नव्हता, कारण तोवर काकांनी शिव्या लिहिणं सोडलेलं होतं. हा पहिला. शिवाय स्वतःच्या सहीने, स्वतःच्या दुरुस्तीसकट.

कार्यालयात आनंदीआनंद झाला. फिटरने सगळ्यांना चहा पाजला. म्हणाला, एकदाचा सापडला म्हातारा. टायपिस्टताई म्हणाल्या, एकाला धडा मिळाला की बाकीचे सुतासारखे सरळ होतील. मॅडमनी बुधवारी सुनावणी ठेवली. काकांनी एका छापील फॉर्मवर सही करायची, की कारवाई पक्की. बाकी काही नको.

शिपाईमामांनी ती नोंद वाचली तेव्हा मात्र ते चहा न घेता उभे राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. शेवटचे चार महिने डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिवसाला इतके घोट, वर एकही नाही. ती मागायची. हा नाही म्हणायचा. रात्रंदिवस नाही म्हणायचा. आणि सकाळी येऊन शहराला पाणी मिळालं की नाही ते लिहीत बसायचा.

मी काकांकडे गेले. म्हटलं, मी सांगते की वाक्य माझ्या मनाचं लिहिलं. त्यांनी मान हलवली. खोटं बोलून माफी होत नाही, पोरी, नुसती झाकाझाक होते. मी म्हटलं, पान फाडते. म्हणाले, पानांना नंबर आहेत. मग थोड्या वेळाने म्हणाले, वाक्य चांगलंच आहे. तू का उतरवलंस ते मला कळतं. त्याने मला आणखी लाज वाटली.

सही करणार का, हे त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. जिन्यात प्रॉम्प्टर भेटले. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते, शेजारी अर्धी बादली. मी ती उचलून वर नेली. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत आजी पडून होत्या. उशाशी तांब्या होता आणि त्यावर झाकण. त्यांनी मला विचारलं, तू पाण्याची का गं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ह्यांना बोलू नकोस काही, ह्यांचे गुडघे गेलेत, जीभ तेवढी चालते.

मी प्रॉम्प्टरांना सुनावणीचं सांगितलं. वर्षभर तक्रार घेणार नाहीत हेही. ते म्हणाले, वर्षभर बादल्या नेणं मला जमायचं नाही, तीन आठवड्यांत ही गत आहे. घर बदलायचं तर हिला उचलून खाली न्यायचं कसं. पण मॅडमपुढे हात जोडणार नाही. मी बोललो ते बोललो.

मग मी काकूंचं सांगितलं. मोजून दिलेले घोट सांगितले.

प्रॉम्प्टरांनी बादली उचलून कोपऱ्यात ठेवली. मग विचारलं, ते वाक्य मागे घेता येतं का. मी काकांचंच उत्तर दिलं, पानांना नंबर आहेत. सोमवारी काकांनाही सांगून टाकलं, की प्रॉम्प्टरांना काकूंचं कळलंय.

बुधवारी ते मॅडमच्या खोलीत आले तेव्हा कोटाला इस्त्री होती. मॅडम टेबलामागे. काका एका खुर्चीत, प्रॉम्प्टर दुसऱ्या. नोंद लिहिणारी म्हणून मी कोपऱ्यात. फिटर दारात उभा राहून दाराची कडी तपासत होता. कडीला काही झालेलं नव्हतं.

मॅडमनी वही पुढे केली. हे वाक्य तुम्ही बोललात. बोललो. सही तुमची. माझी. ही खाडाखोड कुणाची. प्रॉम्प्टर म्हणाले, खाडाखोड नाही ती, सुधारणा आहे. मॅडमनी फॉर्म काकांकडे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

काकांनी चष्मा गालांवर नीट बसवला. फॉर्म पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. छोटाच होता, पण ते वाचत राहिले. फिटरने कडीला हात लावणं थांबवलं. प्रॉम्प्टर सरळ बसून होते.

"इथे लिहिलंय," काका म्हणाले, "संबंधिताच्या बोलण्याने माझे मन दुखावले असून त्याच्यावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी आहे." मग म्हणाले, "यातलं पहिलं अर्धं खरं आहे, मॅडम. दुखावलं. नाही म्हणणार नाही. तोंड काही उगाच धुवायला गेलो नव्हतो."

प्रॉम्प्टर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. मिटलं. पुन्हा उघडलं. मला कळलं की रविवारपासून ते या क्षणाची तालीम करत असणार, आणि आता सगळं गेलं होतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांना आठवण करून दिली तो भर दुपारी ओळ विसरून उभा होता.

काकांनी फॉर्मवरची नजर काढली नाही. ओठ जेमतेम हलले.

"मला ठाऊक नव्हतं."

प्रॉम्प्टरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे नाही, काकांकडेच बघत म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."

"चुकलो," काका फॉर्मला म्हणाले.

"चुकलो," प्रॉम्प्टर म्हणाले. आणि पुढच्या ओळीसाठी थांबले.

"संपलं. बसा आता."

प्रॉम्प्टर तेही म्हणण्याच्या बेतात होते. मग बसले.

मॅडम ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागल्या. त्यांना ते बराच वेळ सापडलं नाही. ड्रॉवर मिटल्यावर म्हणाल्या, ठीक आहे, पण सही करा, नियम आहे. काका म्हणाले, उरलेलं अर्धं खोटं आहे. कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही.

"मग काय मागणी आहे तुमची?"

"तिसऱ्या मजल्यावर पाणी."

मॅडम म्हणाल्या, अर्ध्या वाक्यावर सही होत नाही. काका म्हणाले, मग माझी सही होत नाही. मॅडम चिडल्या. उद्यापासून कुणीही येईल आणि तुम्हाला वाटेल ते बोलून जाईल, हे लक्षात येतंय का तुमच्या. काकांनी फार नम्रपणे विचारलं, आजवर काय हार घालत होते का, मॅडम.

फिटर हसला आणि त्याने पटकन कडीत तोंड घातलं. मॅडमनी फॉर्म घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि दुसरा कागद ओढून काहीतरी खरडलं. तो कागद फिटरच्या हातात गेला. त्यावर प्रॉम्प्टरांचा पत्ता होता. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, उद्या.

बाहेर आल्यावर मी काकांना गाठलं. विचारलं, त्या मंगळवारी तुम्हाला उत्तर सुचलं होतं का. खरं सांगा.

"सुचलं होतं. तोंड धुताना. फार सुंदर होतं."

मी म्हटलं, सांगा ना. नाही म्हणाले. मी म्हटलं, कुणाला सांगणार नाही. म्हणाले, अगं, मी ते विसरायच्या मागे आहे. रोज थोडं थोडं जातंय. तू आठवण करून देऊ नकोस.

उद्या म्हणजे उद्याच व्हावं म्हणून काका दुसऱ्या दिवशी फिटरबरोबर स्वतः निघाले. मीही गेले. फिटर वाटभर कुरकुरत होता. इमारतीच्या जिन्याखाली मोडक्या सायकलींचा ढीग होता. काकांनी सायकली एकेक करून बाहेर काढायला घेतल्या, तेव्हा फिटरलाही हात लावावा लागला. ढिगाच्या मागे भिंतीलगत एक व्हॉल्व्ह निघाला. गंजलेला, अर्धवट बंद. कुणी बंद केला, कधी केला, कुणास ठाऊक. फिटर तीनदा त्याच्या समोरून परतला होता. आता तो काही बोलला नाही. पाना लावला आणि सगळा जोर लावून फिरवला. आठ फेरे.

आम्ही वर गेलो. प्रॉम्प्टर नळासमोर उभे होते, जणू तो एखादा विसराळू नट होता आणि त्याला कधी काय सांगावं लागेल याचा नेम नव्हता. नळ आधी खोकला. मग बराच वेळ नुसती हवा आली. मग पाणी आलं. तपकिरी, थुंकत थुंकत, मग धार धरून.

आतून आजींनी विचारलं, आलं का. त्यांना आवाज ऐकू येत असणार. त्या म्हणाल्या, वाहू द्या जरा, बंद करू नका, मला ऐकायचंय.

फिटर खाली वाकून बादली सरळ करत राहिला. ती सरळच होती.

प्रॉम्प्टरांना काहीतरी म्हणायचं होतं. काकांनी या वेळी काही सुचवलं नाही. प्रॉम्प्टरांनी मांडणीवरून काचेचा पेला घेतला, कोटाच्या बाहीने पुसला, नळाखाली धरला आणि भरून काकांपुढे केला.

काका एकतीस वर्षं लोकांना सांगत आले होते की बंद नळ सुरू झाला की पाणी अर्धा तास सोडून द्यावं, कपडे धुवावेत, झाडांना घालावं, पिऊ मात्र नये. मी स्वतः ते रोज ऐकलं होतं. पेल्यातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. फिटरने डोळे मोठे केले. मीही.

काकांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. सगळा प्यायले. तळाशी थोडा गाळ राहिला. पेला परत देताना म्हणाले, गार आहे.

दुसऱ्या दिवशी काका रजेवर होते. एकतीस वर्षांतली बहुतेक तिसरी की चौथी रजा. निरोप शिपाईमामांनी आणला. पोट.

खिडकीवर मी एकटी होते. सकाळपासून मला दोनदा मूर्ख आणि एकदा कालची पोर म्हणून झालं होतं. अकराच्या सुमाराला रांगेत तो कोट दिसला. मी धास्तावले. वाटलं, पाणी पुन्हा गेलं.

प्रॉम्प्टरांचा नंबर आला. त्यांनी माझ्यापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे आहेत. मी सांगितलं. कशाने, तेही सांगितलं.

मागच्या बाईंनी आवरा म्हणून सुनावलं. प्रॉम्प्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"गाढव माणूस," ते म्हणाले. मग कठड्यावर बोटाने टकटक केली. "घरचा पत्ता लिहून द्या, ताई. वाचता येईल अशा अक्षरात."